बाटलीत व्हिस्की मुरत नाही

एका दिवाळीत स्नेह्यांकडे फराळाला गेलो होतो. चकल्या संपल्यावर त्यांनी निवडक मंडळींना आतल्या खोलीत नेलं, शोकेसचं कुलूप काढलं आणि एक बाटली दोन्ही हातांनी बाहेर आणली. "मेव्हण्यानं अठ्ठ्याण्णव साली दुबईहून आणलेली. तेव्हाच बारा वर्षांची होती. आता करा हिशोब!" मंडळींनी हिशोब केला. कुणी अडतीस म्हणालं, कुणी थेट चाळीस. मी गप्प बसलो, कारण फराळ त्यांचा होता. आता फराळ पचला आहे, म्हणून लिहितो: ती बाटली बारा वर्षांचीच आहे. शोकेसमध्ये आणखी पन्नास वर्षं राहिली तरी बारा वर्षांचीच राहील.

हे मी गेली बारा वर्षं सांगतोय. पुण्यात आम्ही नऊ जण महिन्यातून एकदा व्हिस्कीची चव घ्यायला जमतो. त्याला क्लब म्हणायचं ते आपलं आपसांत. नोंदणी नाही, पाटी नाही, आहे ती एक दोनशे पानी वही. प्रत्येक बैठकीला चार बाटल्या, प्रत्येकीतले पंधरा मिलिलिटर, म्हणजे रात्रभरात मिळून साठच. जो गाडी चालवणार तो नुसता वास घेतो. एवढ्या वर्षांत चवीबद्दल आमची मतं दहादा बदलली, पण नव्या पाहुण्याचा पहिला प्रश्न बदलला नाही: "जुनी आहे ना?"

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी लोणच्याची बरणी आठवायला सांगतो. लिंबाचं लोणचं मुरतं, कारण बरणीत फोडी, मीठ, मसाला एकमेकांच्या संगतीत असतात. आता फोडी काढून टाकल्या आणि नुसता खार गाळून बाटलीत भरला, तर तो पुढे आणखी मुरेल का? व्हिस्कीच्या बाबतीत फोडींचं काम ओकच्या लाकडाचं पिंप करतं. भट्टीतून निघालेला मद्यार्क पाण्यासारखा पारदर्शक आणि चवीला उग्र असतो. पिंप आतून भाजलेलं किंवा जाळलेलं असतं. त्या लाकडातून व्हॅनिलासारखा वास, गोडसर चव, तुरटपणा आणि रंग मद्यात उतरतो. जळलेला कोळशाचा थर मद्यातला गंधकाचा उग्रपणा शोषून घेतो. लाकडाच्या छिद्रांतून थोडी हवा आत येते, थोडं मद्य उडून जातं. मुरणं म्हणतात ते हे. काचेच्या बाटलीत यातलं काहीच नाही. बाटली भरली की घड्याळ थांबलं.

घोटाळा झाला तो बहुधा वाइनमुळे. काही वाइन बाटलीतही हळूहळू बदलतात, चांगल्या होतात. तो नियम लोकांनी न विचारता व्हिस्कीला लावला. आणि 'जुनं ते सोनं' ही म्हण हाताशी होतीच.

माझ्यावर विश्वास नसेल तर दक्षिण ध्रुवाकडे चला. अर्नेस्ट शॅकल्टनची मोहीम १९०७ साली अंटार्क्टिकाला निघाली, तेव्हा सोबत मॅकिन्लेज व्हिस्कीची खोकी होती. त्यातली काही केप रॉइड्सच्या झोपडीखाली बर्फात अडकून पडली आणि शंभर वर्षांनी सापडली. तीन बाटल्या तपासणीसाठी स्कॉटलंडला नेल्या. २०११ मध्ये 'जर्नल ऑफ द इन्स्टिट्यूट ऑफ ब्रूइंग'मध्ये त्या तपासणीचा अहवाल छापून आला. मद्यार्काचं प्रमाण ४७.३ टक्के, पीटचा हलका धूर, पिंपाच्या खुणा, सगळं जागच्या जागी. शतकभरात ती व्हिस्की बिघडली नाही, हे खरं. पण शंभर वर्षांची मुरलेलीही झाली नाही. भरली तेव्हा जशी होती, जवळजवळ तशीच बाहेर आली.

यावर ठरलेला प्रतिप्रश्न येतो: "मग जुन्या बाटल्या लाखोंना कशा विकल्या जातात?" विकल्या जातात, कारण त्या दुर्मिळ असतात. जुनं टपाल तिकीटही महाग असतं. म्हणून त्याचा डिंक जास्त चिकट होत नाही. मॅकॅलन १९२६ ची एक बाटली नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात एकवीस लाख पौंडांहून जास्त किमतीला गेली. ती व्हिस्की १९२६ साली पिंपात गेली आणि १९८६ साली बाटलीत आली. म्हणजे साठ वर्षं. पुढची सदतीस वर्षं ती काचेत होती, पण तिला सत्त्याण्णव वर्षांची कुणी म्हणालं नाही. इतक्या महाग बाटलीला जो हिशोब लागतो, तो आपल्या शोकेसलाही लागतो.

उलट घरी ठेवलेली बाटली कमी मात्र होऊ शकते. तीन वर्षांपूर्वी आमच्याच एका सभासदानं वडिलांची अशीच जपलेली बाटली बैठकीला आणली. उघडताना बुचाचे दोन तुकडे झाले, खालचा आत पडला. पातळी गळ्यापासून दोन बोटं उतरलेली. कारण विचारलं तर कळलं, ती कपाटात आडवी ठेवली होती, "वाइनसारखी". चाळीस टक्क्यांचं मद्य बुचाला सतत लागून राहिलं की बूच भुसभुशीत होतं. व्हिस्कीची बाटली उभी ठेवायची, उन्हापासून लांब. चहाच्या गाळणीतून गाळून आम्ही ती प्यायलो. वहीत त्या दिवशी पाच जणांनी एकच शब्द लिहिलाय: 'ओला पुठ्ठा'. वडिलांची आठवण म्हणून ती बाटली मोलाचीच होती, पण ते मोल काही चवीत उतरलं नव्हतं.

याच गैरसमजाचा सुशिक्षित भाऊ म्हणजे "अठरा वर्षांची बारापेक्षा चांगलीच असणार." आधी तो आकडा काय सांगतो ते पाहू. स्कॉच व्हिस्कीचे २००९ चे नियम स्पष्ट आहेत: व्हिस्की किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात असली पाहिजे आणि लेबलवर वय लिहायचं तर त्या मिश्रणातल्या सगळ्यात लहान व्हिस्कीचं. तीस वर्षांच्या व्हिस्कीत चमचाभर तीन वर्षांची मिसळली तरी लेबलवर 'तीन' लिहावं लागेल. म्हणजे आकडा पिंपातला कमीत कमी काळ सांगतो. चव सांगत नाही. पिंप दमदार असेल तर फार वर्षांनी व्हिस्की नुसती लाकडासारखी तुरट लागते. पिंप चारदा वापरून थकलेलं असेल तर वीस वर्षांतही फारसं काही घडत नाही.

शिवाय ही वर्षं कुठल्या हवेतली, हाही प्रश्न आहेच. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के मद्य उडून जातं. तिथले लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची भट्टी आहे. तिथे हा वाटा आठ टक्क्यांच्या आसपास सांगतात. बंगळूरच्या अमृतकडे दहा ते बारा. आता दोनशे लिटरचं पिंप घ्या आणि बारा वर्षं ठेवा. दोन टक्क्यांनी दीडशेहून जास्त लिटर उरतात. दहा टक्क्यांनी उरतात छप्पन्न. अठरा वर्षं थांबलात तर तीस! ज्या हवेत मद्य इतकं उडतं, त्या हवेत त्याची लाकडाशी देवघेवही तितक्याच वेगानं होते. आपल्याकडच्या बहुतेक सिंगल मॉल्टवर वय लिहिलेलं नसतं, त्याचं मुख्य कारण हे. अमृतनं आठ वर्षांची व्हिस्की काढली तेव्हा तिचं नावच 'ग्रीडी एंजल्स', म्हणजे अधाशी देवदूत, असं ठेवलं. अमृतच्या सिंगल मॉल्टची पहिली विक्री २००४ साली, भारतात नव्हे, स्कॉटलंडच्या ग्लासगोत सुरू झाली. आणि अमृत फ्यूजनला जिम मरेच्या २०१० च्या 'व्हिस्की बायबल'नं जगात तिसरा क्रमांक दिला, तेव्हा तिच्या लेबलवर वयाचा आकडा नव्हता.

आम्हाला हे पुस्तकातून कळलं होतं, पण पटलं ते रद्दीच्या कागदामुळे. एडिंबरोच्या लीथ बंदरात १९८३ साली पिप हिल्स आणि त्यांच्या मित्रांनी स्कॉच मॉल्ट व्हिस्की सोसायटी काढली. मुळात काही मित्रांनी मिळून ग्लेनफार्क्लासचं एक पिंप विकत घेऊन वाटून घेतलं, त्यातून ती उभी राहिली. त्यांच्या बाटलीवर भट्टीचं नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. आम्ही ती युक्ती उचलली आणि चौथ्या वर्षापासून बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू लागलो. पहिल्याच महिन्यात गोव्याची बिनवयाची बाटली अठरा वर्षांच्या स्कॉचच्या वर आली. 'अठराशिवाय मजा नाही' म्हणणाऱ्या आमच्या बँकवाल्या काकांनी गोव्याच्या ग्लासापुढे 'हीच अठरा' असं लिहिलं होतं. कागद फाडल्यावर त्यांनी चष्मा पुसला, लेबल पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "वही खोडायची नाही हां." खोडली नाही. ते पान अजून आहे.

तीच वही उघडून बाकीचे गैरसमज भराभर उरकतो.

"पाणी घातलं की व्हिस्की मेली." उलट, थोडं पाणी घातल्यावर वास खुलतो. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये संगणकीय प्रारूप मांडलं: धुरकट वासाचं ग्वायकॉल हे संयुग पातळ केलेल्या मद्यात पृष्ठभागाकडे सरकतं. आम्ही पाणी घालतो औषधाच्या ड्रॉपरनं, थेंब मोजून.

"रंग गडद, म्हणजे माल अस्सल." स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमेल घालायला कायद्यानं परवानगी आहे.

"सिंगल मॉल्ट म्हणजे एकाच पिंपातली." नाही, एकाच भट्टीतली. पिंपं शेकडो असू शकतात.

"ब्लेंडेड म्हणजे भेसळ." ब्लेंड म्हणजे मॉल्ट आणि इतर धान्यांच्या व्हिस्कींचा ठरवून केलेला मेळ. गोड्या मसाल्याला कुणी भेसळ म्हणत नाही.

"भारतीय व्हिस्की सगळी मळीची." स्वस्त ब्रँडांत मळीचा मद्यार्क असतो, म्हणूनच युरोपीय संघात ते 'व्हिस्की' या नावानं विकता येत नाहीत; तिथे धान्य लागतं. पण आपले सिंगल मॉल्ट जवाचेच आहेत.

"चवीचं वर्णन म्हणजे थापा." पहिल्या दोन वर्षांच्या आमच्या नोंदी खरंच थापा होत्या. परदेशी पुस्तिकेतून उचललेलं 'हीदरचं फूल'. ते आमच्यापैकी एकानंही पाहिलेलं नव्हतं. आता वहीत गुळाची चिक्की, पिकलेला फणस, लाकडाची वखार, आयोडेक्स असे शब्द असतात आणि झाकलेल्या बाटलीला तीन-चार जण स्वतंत्रपणे तोच शब्द लिहितात.

"बिअर म्हणजे पाणीच." आठ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर स्ट्राँग बिअरमध्ये ५२ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचे तीस मिलिलिटरचे चार पेग म्हणजेही जवळजवळ तेवढाच.

"महागडी दारू यकृताला त्रास देत नाही." यकृत किंमत वाचत नाही.

"थंडीत अंग गरम राहतं." त्वचेकडे रक्त धावतं म्हणून ऊब वाटते, शरीराची उष्णता प्रत्यक्षात बाहेर जाते.

"घरी प्यायला परवाना कशाला?" महाराष्ट्रात लागतो, आणि व्हिस्कीसाठी वय पंचवीस.

"थोडी घेतलेली हृदयाला बरी." हे वाक्य आमच्या क्लबातही दर वर्षी कुणीतरी म्हणतं, आणि मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते, कारण ते म्हणणाऱ्याला सोयीचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं: आरोग्याला सुरक्षित असं मद्याचं कोणतंही प्रमाण नाही. तिच्याच कर्करोग संशोधन संस्थेनं मद्याला फार पूर्वीच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. आम्ही पितो ते आवडतं म्हणून. औषध म्हणून पितो असं सांगणाऱ्याला वहीत लिहायला पेन मिळत नाही.

तेव्हा विनंती दोनच. शोकेसमध्ये बाटली असेल आणि तुम्ही पीत असाल, तर तिचं वय वाढायची वाट पाहू नका. ज्यांच्यासाठी राखली आहे ती माणसं समोर असताना उघडा. आणि जो नको म्हणतो त्याला दुसऱ्यांदा विचारू नका. आग्रह श्रीखंडाचा करावा, पेगचा नाही.