मनोरे पाडणारे, मनोरे उभारणारे

युक्रेनच्या वीजयंत्रणेवर रशियाने ऑक्टोबर २०२२ पासून पद्धतशीर मारा आरंभला आणि तुटलेल्या तारा पुन्हा जोडणारा वीजकामगार त्या देशाच्या प्रतिकाराचे प्रतीक ठरला. निळापिवळा ध्वज व त्रिशूळ ही तेथील अधिकृत राष्ट्रचिन्हे. हे चिन्ह मात्र लोकांनी आपणहून स्वीकारले. दहिवली-कर्जतच्या वाचकाला यात एक कोडे दिसावे. कारण त्याच्या तालुक्याचा हुतात्मा वीजमनोरे पाडण्यासाठीच ओळखला जातो.

खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये. सह्याद्रीचे पाणी, येथील जमीन, आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना! तारांखालच्या खेड्यांत रॉकेलची चिमणीच मिणमिणत होती. १९४२ च्या लढ्यात भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने हेच मनोरे हेरले. एक मनोरा कोसळला की दूरवरचे, युद्धासाठी माल पुरवणारे कारखाने थंडावत. तो मनोरा परसत्तेच्या सोयीचा होता. युक्रेनचा मनोरा त्या राष्ट्राचा स्वतःचा आहे. वस्तू एकच, परंतु तिचा धनी कोण यावर तिचा अर्थ ठरतो. हे एवढे ध्यानात घेतले म्हणजे कोडे उरत नाही.

तथापि मनोरे पाडण्यासाठी माणसे जमली कशी, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म माथेरानला, नाभिक कुटुंबात, १ डिसेंबर १९१२ रोजी झाला. (युक्रेनच्या जनतेने नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनी स्वातंत्र्याला कौल दिला तो दिवसही १ डिसेंबरच, १९९१ सालचा.) वकील झालेल्या या तरुणाने आरंभी हाती घेतली ती धान्यकोठी. पावसाळ्यात घरातले भात संपले की कुळाने सावकाराच्या दारी जावे आणि सुगीत दामदुपटीने फेडावे, ही रीत मोडण्याचा तो उपाय होता. वेळेवर मिळालेल्या धान्याने जो विश्वास कमावला, तोच पुढे रानात भूमिगतांच्या पाठीशी उभा राहिला. बक्षिसे लावूनही सरकारला त्यांचा माग सहजासहजी लागला नाही. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडावर पोलिसांनी गाठले. कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील धारातीर्थी पडले.

युक्रेनचा राष्ट्रकवी तारास शेव्चेन्को हाही १८१४ मध्ये वेठबिगार कुळात जन्मला. १८३८ मध्ये मित्रांनी एका चित्राची सोडत काढली आणि २५०० रुबल मोजून त्याला मालकाकडून सोडवले. आज त्याची मुद्रा १०० रिव्नियाच्या नोटेवर आहे. ज्याची एकदा किंमत झाली, त्याच्या चेहऱ्याने देशाचे चलन ओळखले जावे, हा योग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवण्याजोगा आहे. त्या चेहऱ्यामागचे दास्य तेथे कोणी झाकून ठेवलेले नाही.

आपल्याकडे सिद्धगडावर दर २ जानेवारीस पहाटे मानवंदना दिली जाते, ती योग्यच आहे. पण गौरवाच्या भाषणांत मनोरे आणि बंदुका यांचेच वर्णन रंगते. धान्यकोठीत किती मण भात जमे, कोणत्या अटीवर दिले जाई, परतफेड कशी होई, हा हिशेब विचारणारा श्रोता त्या गर्दीत क्वचितच असतो.