दुसरा मॉनिटर घ्यायच्या आधी सीपीयूची मागची बाजू बघा

आजचा एपिसोड ऐकून सोडून द्यायचा नाही, करून बघायचा आहे. म्हणून ट्रान्सक्रिप्ट जरा नीट लावून देतोय, म्हणजे टेबलाखाली वाकलेले असताना मोबाईलवर वाचता येईल.

सीन ओळखीचा आहे. घरात आठ-दहा वर्षं जुना डेस्कटॉप. स्क्रीनवर अर्ध्यात लेक्चर, अर्ध्यात असाइनमेंट आणि पीडीएफ मोबाईलवर उघडून की-बोर्डला टेकवून ठेवलेली. आपल्या नाशिकमध्ये मुक्त विद्यापीठाचा अभ्यास करणारे घरूनच शिकतात. अंबड-सातपूरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये एका बाजूला ड्रॉइंग लागतं, दुसऱ्या बाजूला एक्सेल. मग कोणीतरी सांगतं, अरे, एखादा जुना मॉनिटर जोड की! ऑफिसातून निघालेला मॉनिटर स्वस्तात मिळतोही. पण खरे पैसे जातात ते त्यानंतर, चुकीच्या केबल आणि कन्व्हर्टरमध्ये.

माझंच सांगतो. मॉनिटर आणला, त्याला फक्त व्हीजीए. पीसीचं व्हीजीए आधीच वापरात, एचडीएमआय मोकळं. दुकानात म्हटलं, "व्हीजीए-एचडीएमआय कन्व्हर्टर द्या." मिळाला, घरी येऊन लावला, स्क्रीन काळी ती काळीच. रविवार गेला. कन्व्हर्टर खराब नव्हता, उलट्या दिशेचा होता.

आजची मुख्य गोष्ट हीच. कन्व्हर्टर म्हणजे वन-वे रस्ता. चित्र पीसीकडून मॉनिटरकडे जातं. त्यामुळे दुकानात आधी पीसीकडचं नाव सांगायचं, मग मॉनिटरकडचं. मला हवा होता "एचडीएमआय टू व्हीजीए". मी आणला "व्हीजीए टू एचडीएमआय". व्हीजीए ॲनालॉग आहे, एचडीएमआय डिजिटल. मधे सिग्नल बदलणारी चिप असते आणि ती एकाच दिशेने काम करते.

आधी फोटो काढा

एम.जी. रोडला जायच्या आधी मोबाईलचा फ्लॅश लावून सीपीयूच्या मागचा फोटो काढा. मॉनिटरच्या मागचाही. मग हे ओळखा:

- व्हीजीए: तीन ओळींत १५ भोकं, बहुतेक वेळा निळं. १९८७ पासून चालत आलेलं आहे, म्हणून जुन्या पीसीवर हमखास सापडतं.
- डीव्हीआय: रुंद, बहुतेक पांढरं. एका कडेला आडवी फट असते. त्या फटीभोवती चार छोटी भोकं असतील तर साध्या ॲडॉप्टरने त्यातून व्हीजीए निघतं. नसतील तर निघत नाही, चिपवाला कन्व्हर्टरच लागतो.
- एचडीएमआय: टीव्हीला असतं तेच.
- डिस्प्लेपोर्ट: एचडीएमआयसारखंच दिसतं, पण एकच कोपरा कापलेला. ऑफिसातून निघालेल्या रिफर्बिश्ड पीसीला बऱ्याचदा हेच असतं. त्यासाठी "डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआय" मागायचं. इथेही क्रम महत्त्वाचा.

तुमचा पीसी यातला कोणता?

*पहिला प्रकार:* मदरबोर्डवर दोन वेगवेगळे पोर्ट आहेत, ग्राफिक्स कार्ड नाही. हे सगळ्यात सोपं. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे २०११ च्या प्रोसेसरचं अंगभूत ग्राफिक्ससुद्धा दोन मॉनिटर चालवतं. केबल लावा, झालं.

*दुसरा प्रकार:* वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. इथे दोन्ही मॉनिटर कार्डालाच लावा. एक कार्डाला आणि एक मदरबोर्डला लावला, तर मदरबोर्डचा पोर्ट बऱ्याचदा बंद असतो, कारण कार्ड दिसलं की अंगभूत ग्राफिक्स आपोआप बाजूला होतं. काही बोर्डांच्या बायोसमध्ये ते परत चालू करता येतं. सेटिंगचं नाव "मल्टी-मॉनिटर" असं काहीतरी असतं.

*तिसरा प्रकार:* फक्त एकच व्हीजीए. इथे "स्प्लिटर" घेऊ नका! स्प्लिटर एकच चित्र दोन्हीकडे दाखवतो, जागा वाढवत नाही. दोन पर्याय उरतात. एक, छोटं ग्राफिक्स कार्ड. जीटी ७१० सारखं कार्ड १९ वॅटच खातं, त्याला पॉवर सप्लायची वेगळी वायर लागत नाही. सीपीयूचा डबा बारीक असेल तर "लो प्रोफाइल" कार्ड मागा, नाहीतर झाकण लागणार नाही. दोन, यूएसबीवर चालणारा डिस्प्ले ॲडॉप्टर. लिहिण्या-वाचण्याला तो पुरतो, गेमिंगला नाही. त्याचा ड्रायव्हर टाकावा लागतो आणि यूएसबी ३ चा पोर्ट असला तर बरं. बऱ्याच पीसींवर तो आतून निळा असतो.

जोडल्यावर काय?

पीसी बंद करा, केबल लावा, मग चालू करा. विंडोज बटण धरून पी दाबा. "डुप्लिकेट" नाही, "एक्स्टेंड" निवडा. मग डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्ज उघडा. तिथे १ आणि २ असे दोन चौकोन दिसतील. टेबलावर मॉनिटर जसे ठेवलेत तसे ते ओढून लावा. हे केलं नाही तर माउस डावीकडे न्यायचा आणि बाण उजवीकडून निघायचा, असा गोंधळ होतो. विंडो दुसऱ्या मॉनिटरवर टाकायला विंडोज, शिफ्ट आणि बाणाचं बटण एकत्र दाबा.

अडलं तर

- दुसरा मॉनिटर दिसतच नाही: डिव्हाइस मॅनेजरमध्ये "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर" असं लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकलेलाच नाही. मॉनिटरला दोष देऊ नका.
- मॉनिटरवर "नो सिग्नल": मॉनिटरच्या मेनूत इनपुट बरोबर निवडलाय का?
- आवाज गेला: घाबरू नका. एचडीएमआयमधून आवाजही जातो, त्यामुळे विंडोज कधीकधी आवाज मॉनिटरकडे वळवतं. खालच्या स्पीकरच्या चिन्हावरून जुने स्पीकर परत निवडा.
- चित्र एका बाजूला सरकलंय: व्हीजीए असेल तर मॉनिटरचं "ऑटो" बटण एकदा दाबा.
- लाइट गेल्यावर यूपीएस लवकर दमतो: दुसरा मॉनिटर यूपीएसवर न लावता साध्या बोर्डावर लावा. काम सेव्ह करायला एक स्क्रीन पुरते.

शेवटी, पैसे घालावेत का?

पहिला प्रकार असेल तर डोळे मिटून करा, खर्च केबलचाच आहे. कार्ड घ्यायची वेळ आली तर मात्र थांबा आणि हिशोब करा. दुसऱ्या मॉनिटरने पीसी फास्ट होत नाही. रॅम ४ जीबी आणि जुनी हार्ड डिस्क असेल, तर तेच पैसे आधी एसएसडीला द्या. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपलाय, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे जवळपास सगळे पीसी विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा पीसीवर नवं सामान चढवताना हात आखडताच बरा. मॉनिटर मात्र वाया जात नाही. उद्या लॅपटॉप घेतलात तरी त्याला तो जोडता येईल.

तर आज घरी गेल्यावर एकच काम. फोटो काढा, पोर्ट ओळखा आणि दुकानात पीसीकडचं नाव आधी सांगा. तुमचा रविवार वाचेल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!