चिडलात? मग नीट चिडा!

गेम बनवणाऱ्या कंपन्या आपल्या खिशात हात घालायला लागल्या की गेमर्सचा पारा चढतो. बहिष्कार, शिव्या, वन-स्टार रिव्ह्यूंचा पाऊस... पण याने खरंच काही होतं का? कधी होतं, कधी ढिम्म काही होत नाही. असं का?

१० नोव्हेंबर २००९. 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २' बाजारात आला तो दिवस. पीसीवर खेळणारी मंडळी आधीपासूनच जाम भडकलेली होती. कारण कंपनीने या वेळी डेडिकेटेड सर्व्हरची सोयच काढून टाकली होती. आपला सर्व्हर आपण चालवायचा, नियम आपले, दोस्त आपले, ही वर्षानुवर्षांची मोकळीक एका फटक्यात बंद! स्टीमवर लगेच बहिष्काराचा ग्रुप निघाला, धडाधड मेंबर्स झाले. आणि गेम आला त्या दिवशी कुणीतरी त्या ग्रुपचा स्क्रीनशॉट काढला. बहिष्कारवाल्यांच्या नावांखाली एकामागून एक काय दिसत होतं? 'मॉडर्न वॉरफेअर २' खेळत आहे!

उत्तर अमेरिका आणि ब्रिटन मिळून पहिल्या २४ तासांत त्या गेमने ३१ कोटी डॉलर्सचा गल्ला जमवला. गेमर्सचा राग किती मनावर घ्यायचा, हे कंपन्यांना त्या दिवशी कळलं असणार.

पण थांबा. याच गेमर्सनी पुढे मोठमोठ्या कंपन्यांना अक्षरशः तीन-चार दिवसांत माघार घ्यायलाही लावलीय. राग तोच, पब्लिकही तेच. मग फरक कशात पडला? मला विचाराल तर तीन गोष्टींत : राग कधी काढला, नेमकं काय मागितलं आणि कुणाकडे मागितलं.

'नाही पटत तर घेऊ नका' : एवढ्याने भागतं?

हा सल्ला सगळेच देतात. ऐकायला एकदम बरोबर वाटतो. गेम सीडीवर मिळायचा आणि एकदाच पैसे द्यायचे, तेव्हा तो लागूही पडायचा. आता गेम विकून झाला की खरी दुकानदारी सुरू होते.

२००६ मध्ये 'ओब्लिव्हियन' या गेममध्ये घोड्याला घालायचं चिलखत अडीच डॉलर्सना विकायला काढलं, तेव्हा लोकांनी यथेच्छ टिंगल केली होती. नुसत्या दिखाव्यासाठी कोण पैसे देणार? आता पुढचा आकडा बघा. मार्च २०२१ ला संपलेल्या आर्थिक वर्षात ईए कंपनीने 'फिफा'सारख्या गेम्समधल्या 'अल्टिमेट टीम' या एका प्रकारातून सुमारे १६२ कोटी डॉलर्स कमावले. कंपनीच्या एकूण उत्पन्नाच्या २९ टक्के! त्यात मोठा वाटा पाकिटांचा. पाकीट फोडायचं आणि आत कुठला खेळाडू निघतो ते बघायचं. भारी निघाला तर नशीब, नाहीतर फोडा दुसरं.

माझा एक मावसभाऊ हिंजवडीत नोकरीला आहे. एका मोबाइल गेमवर दर महिन्याला पगार झाला की त्याची थोडी खरेदी ठरलेली. 'ताई, दोन पिझ्झ्यांचे तर पैसे आहेत!' हे त्याचं नेहमीचं उत्तर. गेल्या दिवाळीत आम्ही दोघांनी मिळून त्याच्या यूपीआयची वर्षभराची हिस्टरी काढली आणि बेरीज केली. आकडा बघून साहेब गप्पच झाले. गोव्याची ट्रिप निघाली असती, तीही चांगल्या हॉटेलातली.

यातली गंमत कळायला वेळ लागतो. आधी रुपये देऊन हिरे किंवा नाणी घ्यायची, मग त्यांची पाकिटं. त्यामुळे नेमके किती रुपये गेले ते डोक्यात राहतच नाही. शिवाय नाण्यांचे गठ्ठे अशा बेताने विकतात की थोडी नाणी हमखास उरतात. ती वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा खरेदी! अशा गेम्समध्ये बहुतेक लोक एक पैसाही देत नाहीत आणि थोडे लोक मात्र भरपूर देतात. म्हणजे जो कधी घेतच नव्हता, त्याने 'मी घेणार नाही' असं जाहीर केलं तर कंपनीच्या हिशेबात काय फरक पडणार? नुसतं न घेणं कुणाला दिसतच नाही. ते दिसायला लागतं तेव्हाच काहीतरी हलतं.

वेळ साधली की जमतं

२०१३ चं उदाहरण घ्या. मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला. दर २४ तासांनी एकदा तरी इंटरनेटला जोडायचा आणि जुन्या गेम्सच्या खरेदी-विक्रीवर बंधनं, असा सगळा प्रकार. मित्राकडून डिस्क आणून खेळणाऱ्यांनी करायचं काय? आरडाओरडा झाला. त्यातच १० जूनला सोनीने आपला पीएस४ स्टेजवर आणला. अशी कुठलीही बंधनं नाहीत आणि किंमत १०० डॉलर्सनी कमी! १९ जूनला मायक्रोसॉफ्टने दोन्ही नियम मागे घेतले. मशीन तोवर दुकानात आलंही नव्हतं. लोकांच्या हातात पैसे होते आणि समोर दुसरा पर्यायही तयार होता.

चार वर्षांनी 'स्टार वॉर्स : बॅटलफ्रंट २'. डार्थ व्हेडर म्हणून खेळायचंय? मग गेममधली ६० हजार क्रेडिट्स जमवा. एकाने हिशेब मांडला, यासाठी साधारण ४० तास खेळावं लागेल. गेमचे पूर्ण पैसे मोजल्यावर! मेहनतीने मिळवल्याचा अभिमान वाटावा म्हणून हे असं केलंय, असा खुलासा ईएने रेडिटवर केला आणि त्यावर साडेसहा लाखांहून जास्त लोकांनी नापसंती नोंदवली. गिनीज बुकात गेला तो खुलासा! दुसऱ्याच दिवशी किंमत ६० हजारांवरून १५ हजारांवर आली. १६ नोव्हेंबर २०१७ ला, म्हणजे गेम अधिकृतपणे बाजारात यायच्या आदल्या दिवशी, पैसे देऊन करायची खरेदी बंद केली गेली. पुढे ती परत आली, पण गेममध्ये वरचढ ठरवणाऱ्या गोष्टी पैशाने मिळणं थांबलं ते थांबलंच.

आणि मे २०२४ मधला 'हेलडायव्हर्स २'चा किस्सा तर सॉल्लिडच. पीसीवर खेळणाऱ्यांनी आता प्लेस्टेशन नेटवर्कचं अकाउंट जोडलंच पाहिजे, असं सोनीने जाहीर केलं. ज्या अनेक देशांत ही सेवाच नाही, तिथल्या लोकांनी गेम विकत घेतला होता, त्यांचं काय? स्टीमवर दोन लाखांहून जास्त वाईट रिव्ह्यू पडले. तीन दिवसांत सोनीने निर्णय मागे घेतला. मला आवडलेला भाग त्यापुढचा आहे. मागणी मान्य झाल्यावर असंख्य खेळाडूंनी आपले रिव्ह्यू बदलून पुन्हा चांगले केले. हा सभ्यपणा तर होताच, पण हुशारीही होती. ऐकलंत तर राग ओसरतो, हे कंपनीला दिसलं पाहिजे ना! काही केलं तरी लोक बोंबलणारच असं वाटलं, तर ती ऐकेल कशाला?

तिन्ही किश्श्यांत मागणी एका वाक्यात सांगता येईल एवढी साधी होती आणि पहिल्या काही दिवसांतच झाली होती. 'कंपन्या लोभी झाल्यात' ही मागणी नव्हे, ती नुसती तक्रार. आणि लोभाचा शिक्का मारण्याआधी दुसरी बाजूही बघायला हवी. मोठ्या गेम्सची किंमत २००५ च्या सुमारापासून २०२० पर्यंत ६० डॉलर्सवरच होती आणि त्या काळात बनवण्याचा खर्च कितीतरी वाढला. सर्व्हर फुकट चालत नाहीत. कुणी हौसेने रंगीत टोपी विकत घेतली आणि त्याने खेळात काही फरक पडत नसेल, तर आपण कशाला चिडायचं? मी स्वतः तीन प्रश्न विचारते. घेताना हे सांगितलं होतं का? विकल्यानंतर बदललं का? नशिबावर पैसे लावायला लावतायत का, आणि तेही लहान मुलांना? यातल्या एकाचंही उत्तर खटकलं तर चिडायला माझी हरकत नाही.

पैसे परत, प्लीज!

आपल्याकडे नवा मोठा गेम चार-पाच हजारांना पडतो. मुंबई-पुण्यात शेअरिंगच्या फ्लॅटचं भाडं भरणाऱ्याला ही रक्कम काही किरकोळ नाही. तरीही गेम बाजारात यायच्या आधीच पैसे भरून मोकळे होणारे पायलीला पन्नास. 'सायबरपंक २०७७'ची ८० लाखांच्या आसपास आगाऊ बुकिंग्ज झाली होती. समीक्षकांना आधी फक्त पीसीची आवृत्ती दिली गेली. डिसेंबर २०२० मध्ये गेम आला आणि जुन्या कन्सोल्सवर तो धड चालेचना! आठवडाभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढून टाकला आणि लोकांना पैसे परत दिले. परत यायला पुढचा जून उजाडला. रिफंडचा दणका कंपनीच्या हिशेबात थेट दिसतो, म्हणून तो लागतो.

स्टीमवर २०१५ पासून सोय आहे. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर सहसा विनाकटकट पैसे परत मिळतात. म्हणून नवा गेम घेतला की पहिल्या दोन तासांत मेनू, स्टोअर, ऑनलाइनची सक्ती हे सगळं बघून घ्यायचं. कथा कुठे पळून जात नाही.

ओरडून नाही, अर्ज करून

आता सगळ्यात कंटाळवाणा आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा मार्ग. कायदा!

बॅटलफ्रंटच्या गदारोळात बेल्जियमच्या गेमिंग कमिशनने चौकशी सुरू केली. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी सांगितलं की 'फिफा १८', 'ओव्हरवॉच' आणि 'काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह'मधली विकत घ्यायची पाकिटं हा जुगारच आहे. मग ईएला २०१९ च्या सुरुवातीला तिथे 'फिफा'चे पॉइंट्स विकणं थांबवावं लागलं. प्रत्येक वेळी असं होतंच असं नाही. नेदरलँड्समध्ये त्याच कंपनीला झालेला एक कोटी युरोंचा दंड २०२२ मध्ये वरच्या कोर्टाने रद्द केला. पण त्याच वर्षी अमेरिकेत 'फोर्टनाइट'वाल्या एपिक गेम्सला ५२ कोटी डॉलर्सची तडजोड करावी लागली. त्यातले साडेचोवीस कोटी खेळाडूंना परत करण्यासाठी होते, कारण बटणांची रचनाच अशी की नकळत खरेदी व्हावी!

अगदी अलीकडची लढाई गेम बंद करण्यावरून आहे. युबिसॉफ्टचा 'द क्रू' २०१४ मध्ये आला. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेला गेम एकट्याने खेळायलाही उरला नाही. रॉस स्कॉट या अमेरिकन यूट्यूबरने यावर 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. त्याने बहिष्काराची हाक दिली नाही. युरोपियन युनियनच्या नियमांप्रमाणे नागरिकांच्या सह्या गोळा करायला सुरुवात झाली. मागणी एकच : सर्व्हर बंद करा, पण आधी गेम खेळता येईल अशा अवस्थेत ठेवा. जुलै २०२५ मध्ये सह्यांनी दहा लाखांची अट पार केली. त्याआधीच, सप्टेंबर २०२४ मध्ये, युबिसॉफ्टने 'द क्रू'च्या पुढच्या दोन भागांना ऑफलाइन मोड देण्याचं जाहीर करून टाकलं होतं. आणि १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात असा कायदा लागू झाला, की फक्त लायसन्स देत असाल तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' असं बटण ठेवता येत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं. आपलं काय? आपल्याकडेही दार आहे, फक्त कुणी ठोठावत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न्स'बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिलेत. 'फक्त दहा मिनिटं उरली' अशी खोटी घाई करणं, सबस्क्रिप्शन रद्द करायचं बटण सापडूच न देणं, सांगायचं एक आणि द्यायचं दुसरंच... ओळखीचं वाटतंय ना? भारतात सेवा विकणाऱ्या प्लॅटफॉर्म्सना हे लागू आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्याच आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही.

राग नेमका कुणावर?

एक गोष्ट मात्र पक्की. गेम बनवणाऱ्या पोरांना शिव्या घालून काहीही मिळत नाही. 'डेस्टिनी २'वाल्या बंजी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना एका खेळाडूने इतकं छळलं, की प्रकरण कोर्टात गेलं. २०२३ मध्ये त्या खेळाडूवर जवळपास पाच लाख डॉलर्स भरायची वेळ आली. आणि हे फक्त अमेरिकेत असतं असं समजू नका. युबिसॉफ्टने पुण्यातला स्टुडिओ २००८ मध्ये घेतला. तुमच्या शेजारच्या बिल्डिंगमधला कुणी तिथे टेस्टिंग करत असेल. पाकीट कितीला विकायचं, सर्व्हर कधी बंद करायचा, हे त्याला विचारून ठरत नाही. बहुधा तोही तुमच्याइतकाच चिडलेला असतो, फक्त बोलू शकत नाही!

चिडण्याआधीची चेकलिस्ट

* आगाऊ बुकिंग बंद. गेम आल्यावर आठवडाभर थांबा, ज्यांच्याकडे तुमचंच मशीन आहे त्यांचे रिव्ह्यू वाचा.
* रिव्ह्यूत शिव्या नकोत. काय बदललं, कधी बदललं आणि काय हवंय, तीन वाक्यांत लिहा.
* रिफंडची मुदत संपायच्या आत मागणी करा, कारण स्पष्ट लिहा.
* गेममधल्या खरेदीची तीन महिन्यांतून एकदा बेरीज करा. हिऱ्यांत नाही, रुपयांत!
* घरातल्या लहान मुलांच्या फोनवर खरेदीला पासवर्ड लावा.
* फसवणूक वाटली तर स्क्रीनशॉट आणि पावती जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.
* कंपनीने ऐकलं, तर रिव्ह्यू बदलायला विसरू नका.