पैसे कापले, पण चहावाल्याला मिळालेच नाहीत!

टपरीवर चहा झाला, क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला आणि स्क्रीनवरचं ते चाक गोल गोल फिरतच बसलं. चहावाला तुमच्याकडे बघतोय, तुम्ही मोबाईलकडे. शिव्या खातं ॲप. पण अडलेलं असतं ते बऱ्याचदा त्याच्या मागे, बँकेत.

बघा, प्रत्येक बँकेची एक मुख्य खातेवही असते, कोअर बँकिंग सिस्टीम. पूर्वी तिच्यात तुमच्या नावावर महिन्याला मोजक्याच नोंदी पडायच्या: पगार, एटीएम, एखादा चेक. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि दहा रुपयांचा चहाही तिथेच जाऊन लिहिला जाऊ लागला. बरं, वही बदलायची म्हणून बँक चार दिवस बंद ठेवता येत नाही.

मग वहीवरचा भार कमी करायचा. यूपीआय लाइट हे त्यातलंच, सप्टेंबर 2022 मध्ये आलेलं. तुम्ही थोडे पैसे आधीच लाइटमध्ये टाकता, खात्यात नोंद तेवढी एकदाच. पुढे वडापाव, रिक्षा असे छोटे खर्च त्यातूनच जातात, पिनशिवाय. आपल्याला वाटतं ही आपली सोय. खरं तर बँकेचीही तितकीच!

आणि बँकेने मागची बाजू सांभाळली नाही तर? नोव्हेंबर 2020 मध्ये एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरची वीज गेली आणि ऑनलाइन सेवा ठप्प झाली. त्याआधीही असे प्रकार झाले होते. डिसेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं: नव्या डिजिटल योजना थांबवा, नवी क्रेडिट कार्डंही देऊ नका. कार्डं ऑगस्ट 2021 मध्ये सुरू झाली, उरलेले निर्बंध मार्च 2022 मध्ये उठले. मला विचाराल तर दंडापेक्षा हे जास्त झोंबतं. दंड भरून मोकळं होता येतं, इथे नवे ग्राहक शेजारच्या बँकेत जातात.

आता तुमचे अडकलेले पैसे. रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे: खात्यातून रक्कम गेली पण दुकानदाराला पोचलीच नाही, तर व्यवहारानंतर 5 दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. मित्राला पाठवली असेल तर मुदत 1 दिवसाची. त्यापुढे उशीर झाला की रोजचे 100 रुपये भरपाई, आणि तीही तक्रारीची वाट न बघता. तरी यूटीआर नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा. बँकेत पहिला प्रश्न तोच विचारतात.