ज्याच्यावाचून गावाचे अडते



"साहेब, पोराचं कारखान्यात कुठंतरी बघा," असे गटात फिरताना पुष्कळ सभासद म्हणतात. मागणी रास्त आहे, पण कारखान्यातील जागा मोजक्याच. शिवाय नोकरी लागली म्हणजे माणसाला किंमत आली असे नाही. ज्याच्यावाचून चार जणांचे काम अडते, त्याला किंमत. आपल्या ऊसधंद्यात असे एक काम माणसाची वाट पाहत आहे. ते म्हणजे बेणेमळा.

आपल्याकडे गाळपाच्या उसातूनच बेणे तोडण्याची सवय फार. वर्षानुवर्षे तेच बेणे फिरले की काणी, गवताळ वाढ हे रोग बेण्याबरोबर रानात येतात. मग १९९६ साली आलेल्या को ८६०३२ सारख्या जातीलाही आपण "उतरली" म्हणतो. बहुतेक वेळा जात उतरलेली नसते, बेणे बिघडलेले असते.

म्हणून दर तीन-चार वर्षांनी बेणे बदलावे लागते. मूलभूत बेण्याला ५४ अंश सेल्सिअस तापमानाच्या बाष्पयुक्त उष्ण हवेची अडीच तास प्रक्रिया करतात. त्यापासून पायाभूत व पायाभूतपासून प्रमाणित बेणे होते. हे शेवटचे काम शेतकऱ्याच्या रानातच व्हायचे असते.

त्यात कसब काय? पहिले, वेळेचे गणित. बेणे ९ ते ११ महिन्यांचे हवे. आडसालीला जुलैत बेणे द्यायचे, तर मळा आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात लावावा लागतो. दुसरे, नजर. आठवड्याला मळ्यात फिरून भेसळ बेटे काढावीत. काणीचा काळा चाबूक दिसला की तो अलगद पिशवीत धरून कापावा, बेट मुळासकट खणून जाळावे. तिसरे, वही. लागणीची तारीख, जात, बेणे कुठले, खते कोणती, सारे लिहून ठेवावे.

एका एकराच्या बेण्यात साधारण ८ ते १० एकर लागण होते. म्हणजे तितक्या रानांचे पीक तुमच्या मुलाच्या शब्दावर उभे राहते. त्यानं एकदा जरी चौदा महिन्यांचा ऊस बेणं म्हणून खपवला, तरी उगवण घटते आणि पुढच्या साली दारात कुणी येत नाही. नाव व्हायला चार हंगाम लागतात, जायला एक पुरतो.

पाण्याची सोय व निचऱ्याची जमीन असणाऱ्या सभासदांनी मुलांची नावे गट कार्यालयात नोंदवावीत. सुरुवात दहा गुंठ्यांनीच करावी. मळ्यात फिरायला आम्ही बरोबर आहोत.

— ऊस विकास अधिकारी