उपसा थांबल्यानंतरची विहीर

तापीकाठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या सुमारास भरणारा घोड्यांचा बाजार प्रसिद्ध आहे. घोड्याचा जाणकार केवळ दौड पाहून संतुष्ट होत नाही. दौड संपल्यावर जनावराचा श्वास किती वेळात ताळ्यावर येतो, इकडे त्याचे लक्ष असते. विहिरीची पारखही अशीच करावयाची असते.

पंप चालू असता पडणारी धार फसवी असते. तीत आधीच साठलेले पाणी किती आणि झऱ्यांतून ताजे येणारे किती, याचा उलगडा होत नाही. पंप थांबला म्हणजे जे चढते ते सारे झऱ्यांचेच देणे होय. ते मोजण्यास फीत, घड्याळ आणि वही पुरे. मात्र उपशापूर्वीची स्थिर पातळी टिपून ठेविली पाहिजे.

समजा, ६ मीटर व्यासाच्या विहिरीचे पाणी स्थिर पातळीखाली ३ मीटर गेले आणि पंप थांबल्यावर तासाभराने ही तूट २.४ मीटर उरली. विहिरीचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मीटर. म्हणजे तासात १७ हजार लिटर पाणी आले. पुढील तासात तितके यावयाचे नाही, कारण तुटीबरोबर झऱ्यांचा जोरही ओसरतो. तूट निम्मी होण्यास सुमारे तीन तास, आणि उरलेली निम्मी होण्यास पुन्हा तीनच तास! अमेरिकन गणिती चार्ल्स स्लिक्टर यांचे १९०६ चे सूत्र याच नियमावर उभे आहे. त्याप्रमाणे या विहिरीची आवक दर मीटर तुटीमागे ताशी सुमारे ६,३०० लिटर, म्हणजे ३ मीटर तुटीस १९ हजारांच्या आसपास निघते. अशा विहिरीवर ताशी ४० हजार लिटरचा पंप बसवून केळीची बाग वाढविणारा गृहस्थ साठाच उपसत असतो, आणि ते त्यास बाग सुकू लागल्यावर कळते.

कूपनलिकेसाठी थाइस यांनी १९३५ मध्ये दिलेली रीत अधिक सूक्ष्म आहे. थर किती सहज पाणी वाहू देतो, हे तीवरून निघते. थराची साठवणशक्ती ठरविण्यास मात्र जवळच्या, न उपसलेल्या विहिरीची पातळीही पाहावी लागते.

सारंगखेड्यास आणखी एक सावधगिरी हवी. येथे नदीच्या गाळाचे वाळू-मातीचे थर आहेत आणि तापीवर बंधारा आहे. काठाजवळच्या विहिरीस नदीही हात देते. तो सारा गुण थराचा मानू नये. मोजणीच्या वेळी शेजारचे पंप बंद असावेत. आणि बाजाराच्या दिवसांत, मार्गशीर्षात केलेल्या मोजणीवर उन्हाळी पिकाचा बेत न करता वैशाखात ती पुन्हा करावी.