चेतापेशींची पानगळ

पावसाळ्यात मनोरीच्या डबक्यांत बेडकाची पिल्ले, म्हणजे भैकेर, वळवळू लागतात. पुढे त्यांना पाय फुटतात आणि शेपटी नाहीशी होते. ती तुटून पडत नाही; तिच्या पेशी ठरल्या वेळी मरतात. याच सुमारास, पायांच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेरुरज्जूतील पुष्कळशा चेतापेशीही मरतात. पाय नवे आणि त्यांच्या चेतापेशी मरतात, असे का?

कारण शरीर त्या गरजेपेक्षा जास्त तयार करते. स्नायूंपाशी जगवणारी द्रव्ये बेताचीच असतात. ज्या चेतापेशीचा तंतू वेळेवर पोचून ती मिळवतो, ती जगते. कोंबडीच्या गर्भात अशा जवळपास निम्म्या पेशी मरतात. गर्भाच्या पायाचा अंकुरच काढून टाकला, तर त्या बाजूच्या बहुतेक सर्व मरतात. अशा प्रयोगांतून पुढे चेतापेशींना जगवणारे पहिले द्रव्य हाती आले. त्यासाठी रीटा लेव्ही-मॉन्ताल्चिनी व स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

द्रव्य मिळाले नाही तर काय होते? मरणाची सामग्री पेशीत आधीपासूनच असते. 'बीसीएल-२' गटातील प्रथिने तिला आवरून धरतात. जगण्याचा निरोप थांबला की हा आवर सुटतो. 'बॅक्स' हे प्रथिन तंतुकणिकेच्या बाह्य आवरणाला छिद्रे पाडते. आतील सायटोक्रोम-सी बाहेर येते. एरवी श्वसनात राबणारे हे प्रथिन इथे 'कॅस्पेज' नावाच्या विकरांना जागे करते. ती विकरे पेशीतील प्रथिने कापतात. पेशी आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळतात. सूज येत नाही.

ही यंत्रणा किती जुनी आहे, हे एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीवरून कळले. त्याच्या वाढीत १,०९० कायपेशी तयार होतात आणि नेमक्या १३१ मरतात. त्यांत बहुसंख्य चेतापेशीच असतात. त्यांच्या मृत्यूस लागणारी जनुके आपल्या जनुकांशी मिळतीजुळती आहेत. या कामाला २००२ चे नोबेल मिळाले.

पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. मध्यभागातील पेशी थोड्याच वेळात फुटून मरतात. कडेच्या काही पेशी मात्र तासांनी किंवा दिवसांनी वरील क्रमाने मरतात. त्यांपैकी बऱ्याच वेळेवर उपचार झाल्यास वाचू शकतात. म्हणूनच तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर सकाळपर्यंत वाट पाहू नये. रुग्णालय तत्काळ गाठावे. हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.